काफ्का ४.० : थेट उडी नको

प्रश्न : आमच्या कंपनीत काफ्का ३.५ झूकीपरवर चालतं. थेट ४.० बसवता येईल का?

उत्तर : नाही. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ४.० मधून झूकीपर पूर्ण काढून टाकलाय. आधी ३.९ वर या, तिथेच झूकीपरऐवजी क्राफ्टवर (KRaft) स्थलांतर करा, मग पुढे. स्थलांतर अंतिम केलं की परतीचा रस्ता बंद. म्हणून त्या शेवटच्या पायरीची घाई नको. ब्रोकरना जावा १७ लागेल, ते सोपं. खरी डोकेदुखी जुन्या क्लायंटची : २.१ च्या आधीचे आता जोडलेच जाणार नाहीत, आणि असा एखादा कुठल्यातरी विसरलेल्या सर्व्हरवर हमखास निघतो! कन्झ्युमर ग्रुपची नवी पद्धत मात्र घ्याच. एखादा कन्झ्युमर आला-गेला म्हणून सगळा गट थांबत नाही. फक्त ती क्लायंटच्या सेटिंगमध्ये आपणहून चालू करावी लागते.