काळ्या खडकातील पाणी

कर्जत व खालापूर या तालुक्यांत वर्षास 3000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. उल्हास व पाताळगंगा दुथडी भरून वाहतात. तरी वैशाख लागला की डोंगरपायथ्याच्या वाड्यांतील बाया हंडे घेऊन दूर पाण्यास जातात. मग घरधनी कर्ज काढून दारात बोअर मारवितो, आणि पुष्कळदा तीतून पाण्याऐवजी धूळच निघते. असे का होते? हा प्रश्न वाचकांनी पैसे मोजण्यापूर्वी स्वतःस विचारावा.

आपल्या पायांखालचा खडक सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वाहून आलेल्या लाव्हारसाचा होय. त्याचे थर एकावर एक निजले आहेत. 1863 साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेने जाणाऱ्यास ते कापलेल्या दरडींत दिसतात. थराचा खालचा भाग घट्ट काळा पाषाण असतो, माथा बुडबुड्यांच्या छिद्रांनी भरलेला. परंतु ही छिद्रे बहुधा एकमेकांस जोडलेली नसतात, व कित्येक पांढऱ्या स्फटिकांनी बुजलेली असतात. यास्तव पाणी खडकाच्या अंगात नव्हे, तर वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात राहते. कोथळीगडावर खडकात खोदलेली टाकी पाणी धरून ठेवतात, ती खडक घट्ट आहे म्हणूनच. आणि ज्या गुणाने टाके भरलेले राहते त्याच गुणाने बोअर कोरडी जाते.

आता खोलीविषयी. जसजसे खाली जावे तसतशा भेगा मिटत जातात. म्हणून "आणखी शंभर फूट जाऊ द्या" हा सल्ला बहुधा खर्चाचा असतो, आणि तो देणारा फुटावर पैसे घेणारा असल्यास अधिकच विचारात घ्यावा! महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल अधिनियमाने 60 मीटरांहून अधिक खोलीच्या विहिरीस खोल विहीर म्हटले आहे.

तळहातावर नारळ उभा करणारा पाणाड्या खडकाच्या आत पाहू शकत नाही. त्याचे साधते ते बहुधा तेथे, जेथे कोठेही खोदले तरी मुरमात पाणी लागलेच असते. विजेचा प्रवाह जमिनीत सोडून करावयाची परीक्षा त्याहून बरी; तथापि थरांमधील तांबडी चिकणमातीही तीत ओल्या खडकासारखी भासते, हे ध्यानात असावे.

बोअर चालू असता यंत्रापाशी उभे राहावे व भुकटी पाहावी. करडी, कोरडी धूळ म्हणजे घट्ट पाषाण. तांबडी आली तर ती माती पुढे ढासळून भोक बुजवू शकते. केसिंगचा पाइप मुरूम ओलांडून पक्क्या खडकात टेकलाच पाहिजे, व त्याच्या सभोवतीची फट सिमेंटने बंद करावी. नाही तर शौचकूपाचे पाणी त्याच वाटेने आत उतरते.

जेथे मुरूम जाड आहे तेथे रुंद उघडी विहीरच पुष्कळदा बरी. तिच्या चहूकडील भिंतींतून रात्रभर थोडे थोडे पाणी झिरपते व सकाळी हाती येते. शेजाऱ्याची विहीर एप्रिलअखेर किती हात खाली जाते, हे दोरीने मोजून पाहावे. श्रावणात मारलेल्या बोअरीस लागलेले पाणी पाहून पंप विकत घेऊ नये. मे महिन्यात ती एका तासात किती हंडे देते ते मोजावे, आणि मगच घ्यावा.