शरणपूर : आश्रय आणि न्याय

नाशिककराला शरणपूर रोड सांगावा लागत नाही. दुकाने, बँका, दवाखाने, क्लासेस आणि तिबेटी मार्केट यांनी तो गजबजलेला असतो. परंतु ‘शरणपूर’ हे नाव कोठून आले, असे मी इतिहासाच्या वर्गात विचारतो तेव्हा बहुतेक विद्यार्थी एकमेकांकडे पाहतात. या नावामागे एक नैतिक प्रश्न आहे. जो सुटून, पळून किंवा टाकला जाऊन आपल्या दाराशी आला, त्याचे आपण कोण लागतो? ख्रिस्ती विचारातील सामाजिक न्यायाची कल्पना समजून घेण्यासाठी मी आपल्याच गावचे हे उदाहरण घेत आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. इतिहासाचा अध्यापक या नात्याने लिहीत आहे.

चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५० च्या दशकात शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. धर्मांतर केलेल्या माणसाला त्या काळी घर, भाऊबंद आणि पाणवठा या तिन्हींना मुकावे लागे. अशांना राहण्यास जागा आणि हाताला काम मिळावे, हा मूळ हेतू होता. पुढे १८६० च्या सुमारास तेथे वेगळीच माणसे येऊ लागली. अरबी समुद्रातून गुलाम घेऊन जाणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडत असे. त्यांतून सुटलेली आफ्रिकन मुले मुंबईस उतरवली जात आणि त्यांपैकी काही शरणपूरला पाठवली जात. येथे त्यांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम आणि गवंडीकाम शिकवले जाई.

त्यांतील काहींची नावे जगाच्या इतिहासात गेली. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ मध्ये अखेरच्या प्रवासास निघाला तेव्हा नाशिकच्या शाळेतील काही तरुण त्याच्या बरोबर होते. १८७२ मध्ये आणखी काही जण त्याच्या मदतीस पाठवण्यात आले. त्यांत जेकब वेनराइट होता. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन वारला. त्याच्या सोबत्यांनी सुमारे नऊ महिने चालून त्याचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत नाशिकला शिकलेला हा वेनराइट होता.

ही कथा सांगितली की विद्यार्थी भारावून जातात. पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो विल्यम जोन्स. तोही गुलामीतून सुटलेला आणि नाशिकला शिकलेला. १८६४ मध्ये तो पूर्व आफ्रिकेत परतला आणि मोंबासाजवळील रबाई येथील मिशनमध्ये काम करू लागला. १८८५ मध्ये त्याला धर्मसेवेची दीक्षा मिळाली. त्या भागात गुलामगिरी तेव्हा कायदेशीर होती. मालकांकडून पळालेले स्त्री-पुरुष रबाईला येत. त्यांना ठेवून घेणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्याची मालमत्ता दडवणे होय. वरिष्ठांचे इशारे येत होते, मालक चिडले होते. तरी पळून आलेल्यांची वस्ती वाढतच गेली.

येथे वर्गातील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, कायदा मोडणे हे पुण्यकर्म कसे?” प्रश्न रास्त आहे, आणि तो बायबलच्या वाचकांनाही पडलेला आहे. त्या ग्रंथात पळालेल्या गुलामाविषयी दोन उतारे सापडतात. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकात अशी आज्ञा आहे की, धन्याकडून पळून तुमच्याकडे आलेल्या दासाला त्याच्या हवाली करू नये. त्याला आवडेल त्या गावी राहू द्यावे. नव्या करारात मात्र पौल हा प्रेषित ओनेसिम नावाच्या दासाला फिलेमोन या त्याच्या धन्याकडे परत पाठवतो आणि त्याला दास नव्हे तर प्रिय बंधू मानून स्वीकारावे, अशी विनंती करतो. अमेरिकेतील मळेवाल्यांच्या बाजूच्या धर्मोपदेशकांनी यातील ‘परत पाठवले’ एवढेच वाचले. गुलामगिरीच्या विरोधकांनी ‘बंधू’ हा शब्द वाचला. ग्रंथ एकच, परंतु आपण कोणाच्या बाजूला उभे राहून तो वाचतो, यावर अर्थ ठरतो. जोन्स पळालेल्याच्या बाजूला उभा होता, कारण एके काळी तो स्वतःच त्या जागी होता.

या प्रकरणाचा शेवटही विचार करण्याजोगा आहे. १८८८ मध्ये वाद विकोपास गेला, तेव्हा इंग्रज व्यापारी कंपनीने मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे १४०० जणांना मुक्ततेचे दाखले मिळाले. भरपाई कोणाला, तर मालकांना! ज्यांचे आयुष्य लुटले गेले त्यांना नव्हे. दया आणि न्याय यांतील अंतर येथे दिसते. दया म्हणजे आश्रय देणे. न्याय म्हणजे ज्याचे होते ते त्याला परत करणे. शरणपूरनेही आश्रय दिला; परंतु तेथील मुलांना कोठे जावयाचे, कोणता धर्म घ्यावयाचा, कोणते नाव लावावयाचे, हे विचारले गेले असेल असे वाटत नाही. वेनराइट आणि जोन्स ही काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेली नावे नव्हेत. उपकार मोठा होता, हे मान्य करूनही ही नोंद केलीच पाहिजे.

याच मातीतील दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. नाशिकजवळील जलालपूर हे त्यांचे माहेर. वडिलांचे कडक सोवळे आणि त्यापायी घरादाराला झालेला जाच त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितला आहे. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात प्रथम त्यांच्या मनातील जातिभेद गेला आणि मग धर्म बदलला, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. समतेचा पहिला पाठ त्यांनी स्वयंपाकघरात आणि पाण्याच्या घागरीपाशी गिरवला.

परंतु धर्म बदलला म्हणजे जात गेली, असे सरसकट झाले नाही. २ मार्च १९३० रोजी याच नाशकात काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. पुढे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यांत आले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यांची मागणी तपासण्यासाठी २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमण्यात आला. या मागणीत चर्चचीही परीक्षा आहे. दक्षिणेत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतही जातीच्या भिंती उभ्या राहिल्या. सरकारकडे न्याय मागणाऱ्याला आधी आपल्या अंगणातील ही भिंत दाखवावी लागते. ज्या धर्मात ‘बंधू’ हा शब्द इतका मोठा आहे, त्याला हे कबूल करणे जड जाते; पण त्यावाचून मागणीला जोर येत नाही.

ही परीक्षा एकट्या ख्रिस्ती समाजाची नाही. पेठ-सुरगाण्याची आदिवासी कुटुंबे दरवर्षी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटी कामगार राबतात. त्यांना आपण दिवाळीला मिठाई देतो. ती दया झाली. ठरलेली मजुरी वेळेवर, निवाऱ्याची सोय आणि मुलांना शाळा, हा न्याय झाला. विद्यार्थी मित्रांनो, शरणपूर रोडवरून जाताना त्या नावाचा अर्थ आठवा आणि आपल्या दाराशी आज कोण उभे आहे, तेही पाहा. त्याला आत घ्यावयाचे की नाही, एवढ्यावरच थांबू नका. त्याचे काय घेतले गेले आहे, हेही विचारा.