लडाखला निघालेल्या भाच्यास

राहनाळ, ता. भिवंडी



तुमच्या सहलीचा बेत ताईने फोनवर वाचून दाखवला आणि तू पाठवलेला कागदही मी नीट पाहिला. सहा जण, तीन बुलेट, मनालीहून लेह, मग खारदुंग ला, नुब्रा, पँगाँग आणि शेवटी मार्खा खोऱ्यातली चार दिवसांची चाल. हे सगळं पंधरा ऑगस्टची सुट्टी धरून नऊ दिवसांत. ताईचं म्हणणं, "तुझं ऐकतो तो, जाऊ नको म्हणून सांग." मी तसं मुळीच सांगणार नाही. तो मुलूख तरुणपणी, दोस्तांबरोबर आणि पायी हिंडून पाहण्याचाच आहे. पण या कागदाप्रमाणे जाऊ नका. का, ते सविस्तर लिहितो.

आपण खाडीकाठची माणसं. काल्हेर-कशेळीची खाडी आणि आपलं घर यांच्या उंचीत फरक तो किती! तुम्ही पोरं माहुली चढता, पावसाळ्यात दुगाडकडून गुमताऱ्यावर जाता, गेल्या वर्षी कळसूबाईही केलंत. कळसूबाई महाराष्ट्रात सगळ्यांत उंच, पण ते १,६४६ मीटरच. लेहचा बाजारच ३,५०० मीटरवर भरतो. तिथल्या हवेत प्राणवायूचं प्रमाण आपल्याइतकंच असतं, पण हवेचा दाब उतरलेला असतो. त्यामुळे इथे एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो त्याच्या साधारण दोन तृतीयांशच तिथे मिळतो. खारदुंग लाच्या खिंडीत तो जवळजवळ निम्म्यावर येतो. शरीर हे सांभाळून घेतं, श्वास खोल आणि भरभर होतो, मूत्रपिंडं रक्तातला समतोल बदलतात. मात्र या कामाला काही दिवस लागतात आणि ते घाईने उरकत नाही. जिममध्ये कमावलेली छाती किंवा माहुली दोन तासांत चढल्याचा अभिमान इथे उपयोगी पडत नाही. उलट धडधाकट पोरंच पहिल्या दिवशी जास्त धावपळ करतात आणि आधी आडवी होतात.

मी त्या बाजूला गेलो होतो तेव्हाची एक रात्र तुला सांगतो. आम्ही मनालीहूनच निघालो होतो आणि सरचूला तंबूत मुक्काम होता. आमच्यातला सगळ्यांत दणकट गडी, लूमच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला, जेवायला बसला आणि दोन घास खाऊन उठला. काय झालं विचारलं तर म्हणाला, "काही नाही, थकलोय." डोकं दुपारपासून ठणकत होतं, पण आपल्यामुळे सगळ्यांची सहल बिघडेल म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. रात्री त्याच्या शेजारी झोपलेल्याला जाग आली, तर हा तंबूची चेन शोधत होता आणि त्याला ती सापडत नव्हती. आम्ही त्याला उभं केलं आणि एका पावलापुढे दुसरं पाऊल टाकत सरळ रेषेत चालायला सांगितलं. तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात होता. म्हणजे मेंदूला सूज यायला लागली होती. याला एकच खात्रीचा उपाय असतो, ताबडतोब खाली उतरणं. पण सरचूहून उतरायचं कुठे? सरचू ४,२९० मीटरवर. लेहकडे गेलं तर पुढे पाच हजारांवरच्या खिंडी, मनालीकडे फिरलं तर आधी ४,८९० मीटरचा बारालाचा ला चढायचा, मग उतार. अंधारात, थंडीत तो घाट चढून आम्ही त्याला जिस्पाला आणलं. वाटेतली प्रत्येक चढण त्याच्या जिवावरची होती. सकाळी जिस्पाला त्याने चहा मागितला तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

म्हणून मनालीचा रस्ता जाताना घेऊ नका. अटल बोगदा २०२० साली सुरू झाल्यापासून मनालीकडून जाणारी माणसं अधिकच झपाट्याने वर पोचतात आणि दुसऱ्याच रात्री सरचूला किंवा त्याहून उंच पांगला झोपतात. त्यापेक्षा श्रीनगरहून जा. वाटेतली झोजी ला खिंड ३,५०० मीटरच्या आसपासची आहे, पण ती ओलांडून तुम्ही कारगिलला २,७०० मीटरच्या आत झोपता. पुढच्या रात्री लामायुरू, मग लेह. वाटेत द्रासचं युद्धस्मारक दिसेल, लामायुरूची पिवळी, खचलेली माती आणि तिच्या डोक्यावरचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, दिसेल. शरीर हळूहळू वर येईल. बुलेटचा हट्टच असेल तर लेहहून परतताना मनालीचा रस्ता धरा. तोवर उंची अंगवळणी पडलेली असेल.

आता त्या गड्याच्या गप्प राहण्याबद्दल. तुझ्या कागदावर कुठे काय खायचं, कुठे फोटो काढायचा, पेट्रोल कुठे भरायचं, सगळं आहे. पण कुणाला बरं वाटेनासं झालं तर काय, याची एक ओळही नाही. मित्रांच्या ग्रुपमध्ये खरा धोका इथेच असतो. अनोळखी माणसांत मनुष्य सरळ सांगतो, माझं डोकं दुखतंय, मी थांबतो. मित्रांत तो सांगत नाही. चिडवतील, नाव ठेवतील, सहा जणांचे पैसे वाया जातील, या विचाराने तो ओठ मिटून बसतो. निघण्याआधीच सहाही जणांनी एकमेकांसमोर बोलून ठरवा, की कुणालाही त्रास झाला तर सगळा ग्रुप थांबेल, आणि कुणी त्याला पुढे आयुष्यात कधी त्यावरून बोलणार नाही. हे ठरवताना हसू नका. रोज सकाळी आणि जेवणानंतर एकमेकांना नीट विचारा, झोप लागली का, भूक आहे का, डोकं दुखतंय का. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, चक्कर ही उंचीच्या त्रासाची सुरुवात. अशा वेळी आणखी वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. आराम पडला नाही तर उतरायचं. बसल्या जागी धाप लागली, कोरडा खोकला सुटला किंवा तोल जायला लागला, तर रात्र आहे की पाऊस आहे हे बघायचं नाही, उतरायला लागायचं. लेहमध्ये असाल तर थेट सोनम नोर्बू स्मारक रुग्णालय गाठा. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर घरात पडून असेल तो न्या, पण त्याच्या आकड्यावर सगळं सोडू नका. माणसाचा चेहरा आणि चाल बघा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही, ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरव, आणि तुझ्या ज्या मित्राला सल्फा औषधांची अॅलर्जी आहे त्याने तर विचारल्याशिवाय हातही लावू नये. दारू पहिले काही दिवस पूर्ण बंद. हे मी मामा म्हणून नाही, त्या रात्रीचा साक्षीदार म्हणून लिहितोय.

चालताना ट्रेकच्या ग्रुपमध्ये टेल असतो, सगळ्यांच्या मागे राहणारा. ते काम तू घे. तू सगळ्यांत दमदार आहेस म्हणूनच तुला मागे ठेवतोय. पुढे धावणाऱ्याला कुणीही थांबवू शकतो, पण मागे पडलेल्याजवळ कुणीतरी असायलाच हवं.

दिवसांचं गणित आता बघ. नऊ दिवसांत नुब्रा, पँगाँग आणि मार्खा तिन्ही होत नाहीत. रजा बारा दिवसांपर्यंत वाढली तर श्रीनगरकडून जाऊन, लेहमध्ये विश्रांती घेऊन मार्खा करा आणि नुब्रा-पँगाँग सोडून द्या. मार्खाच्या वाटेवर निमालिंगचं कुरण ४,७०० मीटरच्याही वर आहे आणि दुसऱ्या दिवशी लागणारी कोंगमारू ला खिंड पाच हजार मीटरपलीकडची. तिथे विश्रांतीचा एक दिवस हाताशी नसेल तर निघू नका. रजा वाढली नाही तर विमानाने लेहला जा, पहिले दोन दिवस गावातच आळसात काढा, आणि लिकीरहून तेमिसगामला जाणारी शामची वाट चाला. तिच्या खिंडी चार हजारांच्या आतच आहेत. तुम्हाला ती सोपी वाटेल, तुमच्या ग्रुपमधलं कुणीतरी तिला पोरखेळही म्हणेल. माझं मत विचारशील तर पहिल्या खेपेला तीच वाट उत्तम. दिवसाला थोडंसंच चालणं, मग गावात मुक्काम, जवाची शेतं, जर्दाळूची झाडं. शेवटच्या तेमिसगाममध्ये १६८४ साली लडाख आणि तिबेट यांच्यात तह झाला होता. आज तिथे झाडाखाली बसून जर्दाळू खाताना हे आठवलं की त्या मुलखाकडे बघायची नजर बदलते.

पँगाँगला २०२४ च्या डिसेंबरात लष्कराने शिवाजी महाराजांचा पुतळा उभारला, तो पाहायची तुमची ओढ मला कळते. मलाही पाहायचा आहे. पण पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी पाच हजारांवरचा चांग ला ओलांडून, ४,२०० मीटरच्या काठावर झोपायला जाणं हे महाराजांनाही पटलं नसतं. गड घ्यायचा तर माणसं कशी जपायची, हे त्यांच्याकडूनच शिकावं.

पाण्याची एक गोष्ट मात्र घोकून ठेव, कारण ती आपल्या सह्याद्रीच्या बरोब्बर उलटी आहे. आपल्याकडे पाऊस लागला की ओढा चढतो. तिथे ऊन लागलं की चढतो. दिवसभर बर्फ वितळतं आणि दुपारनंतर ते पाणी खाली पोचतं, म्हणून सकाळी घोट्याएवढा असलेला प्रवाह संध्याकाळी मांडीपर्यंत येतो. मार्खाच्या वाटेवर नदी पार करायची असेल तर सकाळीच करा. आणि कोरड्या नाळेत तंबू लावू नका, कितीही सपाट दिसली तरी. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे जुलैत एखाद्या दिवसातच तेवढा कोसळतो. पण त्या उघड्या मातीला मोठा पाऊस सोसत नाही. २०१० च्या ऑगस्टमध्ये, पाच तारखेच्या रात्री ढगफुटी झाली आणि लेह आणि चोगलमसरचे काही भाग चिखलाखाली गेले, दोनशेहून जास्त माणसं गेली. तुम्हीही ऑगस्टमध्येच निघालाय.

एवढ्याशा पावसात तिथले लोक जगतात ते हिमनद्यांच्या पाण्यावर. प्रत्येक गावात ते पाणी कुणाच्या शेताला कधी द्यायचं हे ठरलेलं असतं. वसंतात पेरणीच्या वेळी हिमनदी वितळलेली नसते, म्हणून छेवांग नॉर्फेल या इंजिनिअरने सावलीतल्या उतारांवर पाणी अडवून कृत्रिम हिमनद्या तयार केल्या. पुढे सोनम वांगचुक यांनी बर्फाचे उभे स्तूप केले. ज्या गावात पाणी असं गोठवून साठवतात, तिथे तुम्ही बादलीभर आंघोळ मागू नका. होमस्टेमध्ये कोरडा संडास असतो, त्यात पाणी ओतायचं नाही, माती टाकायची. तेच पुढे शेतात खत म्हणून जातं. पोरांना आधीच सांगून ठेव, तिथे जाऊन तोंड वाकडं करायला लागू नयेत. प्यायच्या पाण्याची बाटली घरून न्या आणि भरून घेत जा. मार्खातली बरीचशी घरं बायकाच चालवतात. त्यांच्या स्वयंपाकघरात शिरताना विचारा, जेवण त्यांच्या हातचंच जेवा, सोबत नेलेली मॅगी काढून बसू नका. स्क्यू हा तिथला पदार्थ वाढला तर तो संपवा, आणि निघताना ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या.

घाम तिथे जाणवत नाही, लगेच सुकतो, म्हणून तहान नसली तरी थोडं थोडं पाणी पीत राहा. गडद गॉगल आणि टोपी दोन्ही लागतीलच, उन्हाचा चटका उंचीबरोबर वाढतो. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमं लडाखमध्ये चालत नाहीत. तुमच्यापैकी कुणाकडे पोस्टपेड आहे ते बघ आणि तो नंबर सगळ्यांच्या घरी दे. मार्खात तर तोही लागणार नाही, म्हणून कुठल्या दिवशी कुठल्या गावात असाल हे लेहच्या होमस्टेवाल्यांकडे लिहून ठेवून मगच निघा.

निघण्याआधी एका रविवारी इकडे ये, पाचही दोस्तांना घेऊन ये. आपण अंजूरफाट्यावरून आसनगाव गाठू, माहुली चढू आणि तू टेल म्हणून शेवटी चालशील. नवा कागद करून आण, त्यात बारा दिवस किंवा शामची वाट, दोन्हींपैकी एक. ताईला मी तोवर समजावतो.

तुझा मामा