आधी वर्ग बदल

अकोला

चि. प्राजक्तास,

तुझं पत्र मिळालं. दुसरीतला तो मुलगा घंटा झाली की कानांवर हात दाबून कोपऱ्यात शिरतो, हाक मारली तर बघत नाही, आणि तुमचे मुख्याध्यापक म्हणतात, ही 'तारे जमीन पर'मधल्यासारखी केस! त्यांना सांग, त्या सिनेमातल्या पोराची अडचण लिहिण्यावाचण्याची होती, तुला शंका येते ती स्वमग्नता (ऑटिझम) निराळी. अर्थात या मुलाला नेमकं काय आहे, ते डॉक्टर ठरवतील. तुझ्या हातात वर्ग आहे, तेव्हा आधी वर्ग बदल.

सुरुवात घंटेपासून कर. ती व्हायच्या थोडं आधी त्याच्याजवळ जाऊन सांग. खिचडीच्या रांगेत त्याला सगळ्यांत पुढे नाहीतर सगळ्यांत शेवटी उभं कर, मधल्या रेटारेटीत नको. खडखडणाऱ्या पंख्याखालून त्याची जागा हलव. (पंखा मात्र बंद करू नकोस, आपल्या दर्यापूरकडच्या उन्हात बाकीची पोट्टी तुला सोडणार नाहीत.)

फळ्याच्या कडेला दिवसाचा क्रम चित्रांनी लाव: परिपाठ, गणित, खिचडी, खेळ, घर. एकेक आटोपलं की ते चित्र त्याच्याच हातानं काढू दे. साहेबांची भेट, पोळ्याची सुट्टी, उन्हाळ्यातली सकाळची शाळा, असं काही वेगळं असलं तर आदल्या दिवशीच दाखव. या मुलांचा आकांत पुष्कळदा हट्टाचा नसतो, न सांगता बदललेल्या दिवसाचा असतो. गावात कोणी म्हणेल, 'पोट्ट्याले बाहेरचं लागलं.' म्हणू दे.

बोलताना आधी नाव घे, मग एकच सूचना दे आणि गप्प राहा. आपल्या मास्तरकीत नेमकं हेच जमत नाही. त्याचं उत्तर यायला वेळ लागतो. तेवढ्यात तू तेच शब्द बदलून सांगितलंस, तर बिचाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं. 'डोकं खाऊ नको' असलं बोलू नकोस, तो शब्दशः घेईल. 'माझ्याकडे बघ' हा हेकाही नको. खिडकीकडे बघत तो ऐकत असू शकतो. हात फडफडवतो? फडफडवू दे. शेजारी एखादी समजूतदार मुलगी बसव, पण रोज तीच नको. तिलाही तिचं बालपण आहे.

'याला दुसऱ्या शाळेत टाका' असं कोणी म्हणालंच, तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा पुढे कर. 1995 च्या कायद्यातल्या 7 प्रकारांत स्वमग्नता नव्हती, नव्यातल्या 21 मध्ये आहे. सरकारी, अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेनं अशा मुलाला भेदभाव न करता घ्यायचं आहे. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना गाठ. दिव्यांग प्रमाणपत्राची वाट तेच दाखवतील.

त्याच्या आईला शनिवारी बोलाव, पण शाळा सुटून बाकीच्या आया गेल्यावर. तक्रार सांगू नकोस. घरी तो कशानं शांत होतो ते विचार, वहीत लिहून घे आणि सोमवारपासून तेच वर्गात करून बघ.

तुझी,
मावशी