इंजिनातली फाटलेली नळी



दर महिन्याच्या आरोग्य शिबिरासाठी मंडळीतले काही जण आपली गाडी घेऊन सातपुड्यात येतात. त्यांच्यापैकी तिघांनी यंदा मला एकच प्रश्न विचारला. गाडी उभी असताना थरथरते, कधी बंदही पडते, पण रेस दिली की नीट चालते, हे काय असावे? मी मेकॅनिक नव्हे. पण हा प्रश्न आमच्या अंगावर एकदा आलेला आहे, म्हणून या अंकातला पाठ त्यावरच लिहितो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे कार्ब्युरेटरची एक जुनी पेट्रोल गाडी होती. तिला हाच आजार झाला. गॅरेजवाल्याने प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, मग स्क्रू पिळून आयडलिंग वाढवून दिले. थरथर कमी झाली आणि आम्ही निश्चिंत झालो. तीन आठवड्यांनी तोरणमाळहून शहाद्याकडे उतरत होतो. मागच्या सीटवर तापाने फणफणलेले बाळ घेऊन त्याची आई बसली होती. दुसऱ्या वळणावर ड्रायव्हरदादा म्हणाले, "सर, पेडल दगड झालंय." त्यांनी दोन्ही पाय ब्रेकवर दिले, पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. गाडी थांबली, पण जिथे थांबायला हवी होती त्याच्या बरीच पुढे.

बॉनेट उघडले तेव्हा सूं-सूं आवाज येत होता. इंजिनापासून ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारी जाड रबरी नळी क्लिपच्या अगदी खाली उभी फाटली होती. आयडलिंगची थरथर आणि ब्रेकचा दगड, दोन्हींचे मूळ तेच.

असे का होते ते पाहू. पेट्रोल इंजिन हवा आत ओढते, पण पाय ॲक्सिलरेटरवर नसताना हवेची वाट जवळजवळ बंद असते. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये हवा विरळ होते. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका असतो. धडधाकट इंजिनात आयडलिंगला आतला दाब त्याहून साधारण ४५० ते ५५० मिलिमीटरने कमी असतो. या ओढीलाच मेकॅनिक 'व्हॅक्युम' म्हणतात. नळ्यांमधून ती इतर कामांना वापरली जाते. त्यातले सर्वांत मोठे काम ब्रेकचे. बूस्टरच्या डब्यात एक पडदा असतो. पेडल दाबले की त्याच्या एका बाजूला व्हॅक्युम आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा असते, आणि ती हवा आपल्या पायाला जोर देते. व्हॅक्युम गेला तर ब्रेक जात नाहीत, पण सगळा जोर पायालाच लावावा लागतो.

नळीला चीर गेली की हिशोबाबाहेरची हवा इंजिनात शिरते आणि पेट्रोलचे प्रमाण पातळ होते. आयडलिंगला मुळात हवाच थोडी लागते, म्हणून तेवढी चोरटी हवाही भारी पडते. रेस दिल्यावर हवेचा लोंढा मोठा असतो, त्यात ती जाणवत नाही. 'रेस दिली की बरी' याचा अर्थ इतकाच. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत कॉम्प्युटर सांभाळून घ्यायला बघतो. तिथे कधी आयडलिंग उलट वाढते, कधी सूचनादिवा लागतो. स्क्रू पिळून आयडलिंग वाढवणे म्हणजे ताप न तपासता गोळी देणे. आम्ही तेच केले होते.

घाटात आणखी एक गोष्ट. तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे. तिथे बाहेरच्या हवेचाच दाब सुमारे ६७० मिलिमीटरवर आलेला असतो. म्हणजे धडधाकट नळीतही बूस्टरला वर कमी जोर मिळतो, आणि उतार तर तिथूनच सुरू होतो.

चीर शोधायला हत्यार लागत नाही. इंजिन चालू ठेवून हातभर लांब नळीचे एक टोक कानाला लावा आणि दुसरे एकेका पाइपाजवळ फिरवा. पंखा आणि पट्ट्यापासून हात, ओढणी दूर. किंवा बाटलीने पाण्याचा बारीक फवारा सांध्यांवर मारा, प्लगच्या वायरी सांभाळून. चिरेवर पाणी पडले की इंजिनाचा सूर बदलतो. काही जण क्लीनरचा स्प्रे मारतात, तो गरम इंजिनावर पेट घेऊ शकतो, तेव्हा नको. इंजिन बंद करून नळ्या वाकवूनही पाहा. रबर कडक होऊन तडकते ते बहुधा टोकाला, क्लिपच्या आड, जिथे नजर जात नाही.

बदलताना इंजिन थंड हवे. एका वेळी एकच नळी काढा, नाहीतर कुठली कुठे हे कोडे होते. क्लिप सरकवा, नळी थोडी पिळून सोडवा. चिकटली असेल तर ओढू नका. निपल प्लास्टिकचा असला तर तुटतो, आणि शंभर-दोनशेचे काम हजारांवर जाते. ब्लेडने नळीला हलकी उभी चीर द्या, निपलला ओरखडा न पाडता. जुना तुकडा दुकानात घेऊन जा. आतला व्यास तोच हवा आणि भिंत जाड हवी. पाण्याची साधी नळी ओढीने चपटी होते आणि उष्णतेने मऊ पडते. बूस्टरसाठी तर बूस्टरचीच नळी घ्या, इथे काटकसर नको. लांबी जुन्याइतकीच ठेवा. बूस्टर गाडीच्या अंगाला बसवलेला असतो आणि इंजिन हलते, म्हणून ताणलेली नळी पुन्हा तिथेच फाटते. सायलेन्सरच्या पाइपाला ती टेकता कामा नये. बसवताना तेल लावू नका, काही रबरे तेलाने फुगतात. साबणाचे पाणी पुरते. क्लिप निपलच्या फुगवट्यामागे बसवा. नळीत एकेरी व्हॉल्व असेल तर त्याच्यावरचा बाण इंजिनाकडे हवा.

मग ही परीक्षा घ्या. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. तसेच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडे खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे. नाही गेले तर गाडी घाटात नेऊ नका.

डिझेल जीपवाल्यांना वेगळे सांगायचे आहे. डिझेल इंजिनात हा व्हॅक्युम आपोआप तयार होत नाही. त्यासाठी वेगळा पंप असतो, पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे जोडलेला. तिथली नळी फाटली तर इंजिन थरथरणार नाही, कसलीच आगाऊ सूचना मिळणार नाही. पेडल कडक झाल्यावरच कळेल. म्हणून वरची परीक्षा डिझेलवाल्यांनी दर शिबिराच्या सकाळी, घरूनच करून निघावे.

त्या दिवशी ड्रायव्हरदादांनी नळीचे फाटलेले टोक बोटभर कापले. सुदैवाने तेवढी ढिलाई होती. उरलेले टोक निपलवर चढवून क्लिप आवळली. पेडलची परीक्षा त्यांनी मला तिथेच रस्त्याकडेला शिकवली, बाळाची आई धीराने बघत होती. संपूर्ण घाट पहिल्या गिअरमध्ये उतरून आम्ही शहाद्याला पोचलो, बाळाला दवाखान्यात दिले आणि मगच नवी नळी घेतली. कापलेला तुकडा दादांनी टाकला नाही. पुढच्या वेळी दुकानात माप दाखवायला तो अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे.