ओंडका टनाचा, विंच केवढा?

प्रश्न : वादळात पडलेल्या फणसाचे टनभर वजनाचे ओंडके चढावरून रस्त्यापर्यंत ओढायचे आहेत. दोन टनी ड्रम विंच पुरेल ना?
– एक बागायतदार, राजापूर

उत्तर : पुरेल, पण छापील आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो, हे लक्षात ठेवा. दोर गुंडाळत जाईल तशी ओढ घटते.

बागेत कॅप्स्टन विंच अधिक सोयीचा. तो दोर साठवत नाही, त्यामुळे ओढ शेवटपर्यंत तीच राहते. कॅनडाचा ‘पीसीडब्ल्यू ५०००’ जेमतेम १६ किलोचा, पण १००० किलो ओढतो. ओंडक्याला कप्पी लावून दोराचं टोक झाडाला बांधलं, की ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा. दोनचारच ओंडके असतील तर हातविंच बरा, स्वस्तही पडतो.

कॅप्स्टनसाठी दोर कमी ताणला जाणारा, पॉलिस्टरचाच हवा. आधाराचं झाड जिवंत, घट्ट मुळांचं निवडा. ताणलेल्या दोराच्या रेषेत किंवा ओंडक्याखालच्या उतारावर कुणी उभं राहू नये.