हद्द

माझं माहेर निपाणीचं, सासर कागलच्या पलीकडं. मध्ये दुधगंगेचा पूल. इकडं कर्नाटक, तिकडं महाराष्ट्र. सोयरिक ठरवताना आमच्यात राज्य कुणी बघत नाही. भाषा तीच, जोतिबाचा गुलालही तोच. राज्य आठवतं ते घरातलं भांडण चव्हाट्यावर आल्यावर.

लग्न २०१० चं. पहिल्या वर्षी हात, दुसऱ्या वर्षी पट्टा. लोक दारूवर ढकलायचे. नवरा न पिताही मारायचा, हे मला एकटीला ठाऊक. मारापेक्षा जिव्हारी लागायचं ते वेगळंच. मोबाइल काढून घ्यायचा, माहेरचा फोन आला की ‘ती शेतात गेलीय’ म्हणायचं, माझ्या शिवणाचे पैसे मोजून घ्यायचे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात हाही छळच धरलाय, हे मला सात वर्षांनी कळलं.

माझी सर्वांत मोठी चूक दवाखान्यातली. तीनदा गेले आणि तीनदा सांगितलं, मोरीत पाय घसरला. डॉक्टरांनी तसंच लिहिलं. पुढं कोर्टात त्याच्या वकिलांनी तेच केसपेपर वाचून दाखवले. तेव्हा बायांनो, दुसरं काही जमलं नाही तरी डॉक्टरांना खरं सांगा आणि तो कागद माहेरी किंवा मैत्रिणीकडं ठेवा. सासरच्या ट्रंकेत नको.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, “चार दिस दम धर, निवळंल.” ही तीच बाई, जी १९८० च्या सुमारास निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांनी संघटना बांधली तेव्हा मोर्चात पुढं होती. मालकासमोर घसा फोडणारी माझी आई जावयासमोर पदर सावरून उभी राहायची. तिला मी दोष देत नाही. वखारीतल्या हजार बायका तिच्या जोडीला होत्या, घरात ती एकटीच.

२०१७ च्या पावसाळ्यात लेकराला घेऊन निघून आले. एका ठाण्यात गेले तर उत्तर मिळालं, “घटना तिकडची, ताई. आमची हद्द न्हाई.” पलीकडच्या ठाण्यात म्हणाले, “तुम्ही आता राहता कर्नाटकात, तिकडंच द्या.” तीन महिने मी त्या पुलावरून येरझाऱ्या घातल्या. खरं तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २७ व्या कलमात तेव्हाही लिहिलेलं होतं की बाई जिथं राहते, तात्पुरती का असेना, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो. छळाच्या फौजदारी गुन्ह्याबद्दल एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं: नवऱ्याचं घर सोडून जिथं आसरा घेतला, तिथंही तक्रार चालते. या गुन्ह्याचं जुनं कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय. कुणी ‘हद्द न्हाई’ म्हणालं तर वाद घालू नका, तक्रार लेखी द्या आणि पोच मागा.

दुसरी अडचण भाषेची. शेवटी तक्रार घेतली तेव्हा मी मराठीत बोलले, कागद कन्नडमध्ये उतरला आणि मी सही ठोकली. त्यात पट्ट्याचा उल्लेखच नव्हता! तक्रार वाचून दाखवणं पोलिसांचं काम आहे. समजेल अशा भाषेत ऐकल्याशिवाय सही करू नका. गुन्हा नोंदवल्यावर प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. गावच्या पंचांपुढं ‘यापुढं तक्रार नाही’ असल्या मुद्रांकावर सही तर मुळीच नको. मी केली होती.

शेवटी वाट दाखवली अंगणवाडीच्या ताईंनी. कर्नाटकात तालुक्याचे बालविकास प्रकल्प अधिकारीच संरक्षण अधिकारी असतात. घटनेचा अहवाल ते भरून कोर्टात पाठवतात. बाईला वकील सरकारी खर्चानं मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कोर्टाच्या आवारात कायदा सेवा समिती विचारा. रात्री-अपरात्री १८१, मारहाण चालू असेल तर ११२. अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. माझ्या अर्जाला दीड वर्ष लागलं. मात्र अंतरिम पोटगी आधी मागता येते, ती मागाच.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या विवाहित बायका कर्नाटकात शंभरात ४४, महाराष्ट्रात २५. मला मार बसला तो पंचवीसवाल्या बाजूला. पण हे आकडे बोलणाऱ्या बायकांचे. मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी मोरीचंच सांगितलं असतं.

सासरच्या घरात राहायचा हक्क कायद्यानं मला होता. मी तो मागितला नाही. पोटगी, लेकराचा ताबा आणि माझं शिलाई मशीन, एवढंच मागितलं. आदेशानंतर मशीन टेम्पोतून दुधगंगेच्या अलीकडं आलं. पट्टा तुटलेला होता. नवा निपाणीत मिळाला.